मांडीवरचं तिकीट

तिसगाव, ता. पाथर्डी
२ मार्च १९९७

वृषाली,

जयभीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे फाडायला घेतलं असशील, तर आधी एवढं वाच. हे पत्र आप्पांच्या वेळच्या भांडणाबद्दल नाही. ते भांडण जिथं आहे तिथंच राहू दे, तीन वर्षांत ते चांगलं मुरलंय. हे तुझ्या पोराबद्दल आहे.

मी सध्या तिसगावात आहे. ड्यूटीवर जेवणाची ट्रॉली अंगावर आली, पाठीला जरा मार बसला, कंपनीनं लांब रजा दिली. डॉक्टरनं कमरेला रुंद पट्टा बांधून दिलाय. आई म्हणते, जू टाकल्यासारखी चालतीस. बाकी मी ठणठणीत आहे.

तू दहा एप्रिलला मस्कतहून निघतेस, चौदा एप्रिलला सम्राटला गावातल्या बुद्धविहारात न्यायचं ठरलंय, महेंद्ररावांना रजा नाही म्हणून एकटीच येतेस, हे सगळं मला आईकडून कळलं. आईनं भिंतींना चुना दिलाय. दुपट्यांचा ढीग शिवलाय. दहा महिन्यांच्या पोराला एवढी दुपटी पुरली नाहीत तर आश्चर्य.

आता माझं ऐक. दोन वर्षांच्या आतलं मूल म्हणून तुला मांडीवरचं तिकीट दिलं असेल. म्हणजे मूल तुझ्या मांडीवर, पट्टा फक्त तुला, मुलाला काही नाही. ते तिकीट बदल. त्याला स्वतःची खुर्ची घे. तिकडं दुकानात मोटारीत लावायची लहान मुलांची सीट मिळते, ती घे. विमानात चालते असं तिच्यावर लिहिलेलं पाहून घे. ती विमानाच्या खुर्चीवर ठेवायची, विमानाच्या पट्ट्यानं आवळायची आणि पोराला तिच्या पट्ट्यांत बसवायचं. खिडकीकडची जागा माग. पोराचं तोंड मागच्या बाजूला कर. तिकीट काढलंस त्या ऑफिसला आधी विचार, कारण काही कंपन्या अशी सीट आत घेऊ देत नाहीत. तसं असेल तर तिकीटच दुसऱ्या कंपनीचं काढ. समोरच्या भिंतीला पाळणा लावून देतो म्हणाले तर भुलू नकोस. विमान हलायला लागलं की त्यातून मूल काढून परत मांडीवरच घ्यायला लावतात.

एवढंच. का, ते विचारू नकोस. बारा वर्षं विमानात घालवली आहेत, तेवढं तरी माझं मानावंस.

आक्का

*

तिसगाव
१७ मार्च १९९७

वृषाली,

काल रविवारचा तुझा फोन आला तेव्हा मी काकासाहेबांच्या एसटीडी बूथमध्ये आईच्या मागेच उभी होते. आई फोनवर बोलते ती मस्कतला फोनशिवाय ऐकू जावं अशी. त्यामुळं तुझंही निम्मं कळतं. माझं पत्र मिळालं, आणि तू हसलीस. "आक्काला सांग, विमान तिच्या बापाचं न्हाई. समद्या बाया लेकरं मांडीवरच घेऊन येत्यात." मग आईनं फोन माझ्या हातात दिला आणि तू खाली ठेवलास.

आप्पांच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी मी विमानतळावरून तशीच, युनिफॉर्मच्या साडीत दारात आले, तेव्हा चार माणसांत तू म्हणालीस, "लोकांना जेवान वाढून झालं का?" मी पाणीही न पिता परत फिरले. आज तू म्हणतेस, विमान तिच्या बापाचं नाही. बरं. तुझ्या जिभेची धार अजून गेली नाही. पण आता मी मागे फिरणार नाही, कारण जायला जागाच नाही.

तू कारण मागितलं नाहीस, तरी देते. पाठीला ट्रॉली लागली नाही.

जानेवारीतली गोष्ट आहे. आखाताकडून मुंबईला येणारं विमान होतं. एक बाई होती, साधारण तुझ्याच वयाची, मांडीवर नऊ महिन्यांची मुलगी. मुलीच्या पायात चांदीचे वाळे, डोक्यावर लोकरीची टोपी. तिनं मला विचारलं, "बेल्ट हिलापन लावू का?" मी नियमात आहे तेच सांगितलं, की बेल्ट तुम्हाला, मुलीला हातांनी घट्ट धरा. तिनं धरलं. मी स्वतः पाहिलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं. आई धरते तसंच.

आणि मग विमान खाली गेलं. ढग नव्हता, वीज नव्हती, स्वच्छ आभाळ होतं. खड्ड्यात एसटी जाते तसं नाही, वृषाली. पायाखालची जमीन कुणी काढून घेतली तसं. ताटं वर गेली, चहा वर गेला, मी वर गेले. आणि ती मुलगीही वर गेली. आईच्या हातातून. त्या बाईचे हात तसेच छातीशी घडी घातलेले होते आणि आत काही नव्हतं. मुलगी वरच्या कप्प्यांना आपटून तीन रांगा मागे पडली. तोपर्यंत मी खुर्चीच्या हातावर पाठीनं आदळले होते. रांगत गेले. टोपी डोक्यावर तशीच होती. रडत नव्हती.

मुंबईला अॅम्ब्युलन्स आत आली, त्यात मायलेकी गेल्या. पुढं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, तुम्ही नियमाप्रमाणंच वागलात, निश्चिंत राहा. मी निश्चिंत आहे. रोज दुपारी डोळा लागला की निश्चिंतपणे ओरडत उठते.

आईला सांगायचं नव्हतं. पण परवा तशीच ओरडून उठले तेव्हा तिनं धरून बसवलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकून झाल्यावर पदरानं माझं तोंड पुसलं. मग म्हणाली, "हातानं कुटं लेकरू ऱ्हातं व्हय? बांदाय पायजे व्हतं."

मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूला आलं.

वृषे, तुझे हात माझ्यापेक्षा बळकट आहेत, मला माहीत आहे. विहिरीवर माझी कळशी तू ओढायचीस. पण हात पुरत नाहीत. कुणाचेच पुरत नाहीत. सीट घे.

आक्का

*

तिसगाव
२५ मार्च १९९७

वृषाली,

एक घोटाळा झालाय. हे पत्र रजिस्टरनं टाकतेय, सही करून घे आणि उभ्या उभ्या वाच.

मी पाठीचा एक्स-रे काढायला जीपमध्ये आडवी पडून नगरला गेले होते. आल्यावर दुपारी पाठीखाली घालायला मऊ कापड हवं म्हणून आईची पेटी उघडली. तिचं ते हिरवं नऊवारी लुगडं तिथं नव्हतं. ज्यानं आई तुला बांधून ऊसतोडीला न्यायची, ते. सणासुदीलाही ते तिनं बाहेर काढलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "वृषीला पाठिवलं. सहादेव चालला व्हता मस्कतला, त्येच्याकडं दिलं. निरोप बी दिलाय. खुर्चीत बसली की लेकरू पोटाशी धर, लुगड्याचे चार येढे मार आन् पाठीमागं गाठ दे."

म्हणजे मी आईला ती गोष्ट सांगून काय मिळवलं, तर आगीतून फुफाट्यात. हातातून मूल सुटतं, हे तिला पटलं. पुढचं तिचं डोकं. तिच्या डोक्यात बांधणं म्हणजे आपल्या अंगाला बांधणं. तिसगाव ते श्रीगोंदा कारखान्याच्या गाडीत, उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीबाहेर चुलीपाशी, तिनं आयुष्यभर तेच केलंय. आपल्या गावच्या बाईला लेकरू खुर्चीला बांध म्हटलं तर ती म्हणेल, खुर्ची काय त्याची आई आहे?

आता नीट ऐक, हे मांडीवर मोकळं घेण्यापेक्षाही वाईट आहे. विमान उतरताना धावपट्टीवर जोरात थांबलं, तर तुझा पट्टा तुला फक्त कमरेत धरेल. तुझं वरचं अंग पुढं येईल, अडकित्ता मिटतो तसं. आणि त्या अडकित्त्यात सम्राट असेल. तू साठ किलोची बाई आहेस, पण त्या क्षणी तुझं वजन एखाद्या बैलाएवढं होतं. बांधलेलं मूल बाजूला सरकूही शकत नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मुलाला आणि मोठ्या माणसाला एका बंधनात घालायचं नाही, कधीच नाही.

हे सगळं मी आईला समजावलं. दोनदा. तिसऱ्यांदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "लई शिकलीस तू. पर म्या बांदलेलं माझं लेकरू कदी सुटलं न्हाई. कुनालाबी इचार." शेजारची भागूबाई तिथंच होती, तिला मी विचारलं. भागूबाईनं "न्हाई बाई, सुटलं न्हाई," म्हणून सांगितलं आणि लगेच उठून घरी गेली.

रविवारी मी तिच्या हातातून फोन घेणार आहे. ठेवू नकोस.

आक्का

*

तिसगाव
३१ मार्च १९९७

वृषे,

ठेवलास.

काल तू आईला सांगितलंस की सहादेव लुगडं घरी देऊन गेला, तुला वासावरूनच ओळखू आलं, तू रडलीस. आणि खुर्चीत बसून बांधून बघितलंस, सम्राट कसा मजेत राहिला, झोपलाच. आईचं तोंड बघायला हवं होतंस. बूथमधून बाहेर येताना ती स्टँडवरच्या सगळ्यांना सांगत होती, माझ्या लुगड्यात नातू ईमानातनं येनार. मी फोन ओढून घेतला आणि "वृषे, ते नको," एवढंच म्हणाले तोवर तिकडं टूंऽऽ. काकासाहेबांनी माझं तोंड बघून, मी नको म्हणत असताना, माझ्यासाठी चहा मागवला.

मग मी पुन्हा पुन्हा फोन लावला. तू उचलतेस, माझा श्वास ओळखतेस आणि ठेवतेस. महेंद्ररावांना गाठावं तर ते वाळवंटातल्या साइटवर, तिथं फोन नाही. मी स्वतः येऊन तुझ्या हातातून ते लुगडं ओढून घेतलं असतं, पण मला एसटीतसुद्धा बसवत नाही.

ऐक, मी हरले. ते भांडण तू जिंकलीस. आप्पांच्या मातीला मी मुद्दाम उशिरा आले, असं तू सगळ्या गावाला सांग, मी मान डोलवीन. लोकांना जेवण वाढते म्हण, वाढतेच. तुला हवं तर यावेळी मी घरात राहत नाही, मुंबईला निघून जाते, पाठ गेली खड्ड्यात. सम्राटला हात लावणार नाही. लांबूनही बघणार नाही. फक्त त्याला पोटाला बांधू नकोस. मी तुझ्या पाया पडते. मी कुणाच्या पाया पडत नाही, तुला ठाऊक आहे.

हे पत्र दहा तारखेच्या आत तुला मिळतं की नाही, मला माहीत नाही. तरी टाकते. घरात नुसतं बसवत नाही.

आक्का

*

तिसगाव
६ एप्रिल १९९७, रविवार

वृषे,

हे तर वेळेत मिळणारच नाही. तारही केली, पण तारेत काय मावतं? आज जे झालं ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. तू किती ऐकलंस तेही कळायला मार्ग नाही.

सकाळी मला एक दुर्बुद्धी सुचली. तुझ्यापुढं आईशिवाय कुणाचं चालत नाही, म्हणून आईलाच वळवायचं ठरवलं. बोलून झालं होतं, आता दाखवायचं. भागूबाईकडून एक पिकलेली पपई आणली. आईला लोखंडी खुर्चीत बसवलं. माझ्या कमरेचा पट्टा सोडला आणि तिच्या मांडीवरून खुर्चीला आवळला, विमानात असतो तसा. तिच्याच एका जुन्या लुगड्यानं पपई तिच्या पोटाला बांधली. ती हसत होती. "काय खेळ लावलाय गं हिनं, म्हातारीसंगं." गाठ तिनं स्वतः तपासली, लुगड्यात बोट घालून. पक्की आहे म्हणाली.

मी म्हणाले, आई, आता विमान थांबलं. आणि मागून तिच्या पाठीवर दोन्ही हातांनी जोर देऊन तिला पुढं ढकललं.

गाठ सुटली नाही. पपई फुटली. लुगड्यातून तिच्या मांडीवर, खाली फरशीवर ओघळली.

मला वाटलं, आता चिडेल, शिव्या देईल. ती तशीच वाकलेली राहिली. मी पट्टा सोडायला गेले तर माझा हात झटकला. दोन्ही हात पोटावर धरून बसली होती. भागूबाई दारातूनच मला म्हणाली, "यशे, काय केलंस गं तू हे," आणि तोंडाला पदर लावला. मग आई बोलायला लागली. मान वर न करता, खाली ओघळलेल्या त्या पपईकडं बघत.

वृषे, तुझ्या माझ्यामध्ये आपल्याला एक भाऊ होता. तो तापानं गेला, असं आपल्याला सांगितलं होतं ना? ताप नव्हता. ती बोलली ते तसंच लिहिते.

"आठ म्हयन्याचा व्हता. कारखान्याची गाडी आमाला घेऊन चालली व्हती. तू आप्पाच्या मांडीव व्हतीस. करंजीच्या घाटात डायवरानं बिरेक मारला. गाडी उलाटली न्हाई, काय न्हाई. समदी म्होरं पडली. म्या बी पडले, पालथी. उटले तवा लोकं म्हनली, भिमाबाय, तुजं लेकरू हाय का? म्या म्हनलं, हाय, बांदलंय की. सुटंल कसं? लुगडं सोडाय लागले तर गाठ सुटंना. पक्की बसली व्हती. आप्पानं इळ्यानं कापली."

मग म्हणाली, "माझ्याच खाली ऱ्हायला त्यो."

मी विचारलं, मग आई, तू वृषीला का पाठवलंस ते लुगडं? तर म्हणते, "म्या मोकळी व्हते म्हून पडले. तिला तर खुर्चीला पट्ट्यानं बांदनार. ती कशाला पडंल? आन् ह्ये त्ये लुगडं न्हाई. त्ये त्येच्यासंगंच गेलं. ह्यात वृषीला बांदली, पर पाठीला. त्येच्यानंतर पोटाला कुनालाच बांदलं न्हाई म्या."

एवढ्या वर्षांत तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. भागूबाई त्या गाडीत होती, म्हणून त्या दिवशी उठून गेली. "माझं लेकरू कदी सुटलं न्हाई" असं आई म्हणायची, तेव्हा ती खोटं बोलत नव्हती गं. तो सुटलाच नव्हता.

तिनं लुगडंही बदललं नाही. पपईचे डाग तसेच घेऊन स्टँडकडं चालायला लागली. चप्पल नाही, ऊन मी म्हणतंय, मी पट्ट्याशिवाय तिच्या मागे भिंती धरत. बूथमध्ये आधी दोन माणसं होती, काकासाहेबांनी तिचं तोंड बघून त्यांना उठवलं. नेहमी ओरडणारी आपली आई आज इतकी हळू बोलली की काकासाहेबांनी रेडिओ बंद केला. "वृषे, म्या काय सांगते ते ऐक. मधी बोलू नगं." आणि तिनं सगळं सांगितलं. घाट, ब्रेक, गाठ, विळा. स्टँडवरची माणसं दाराशी गोळा झाली होती. आप्पांनी ज्यांना ताप म्हणून सांगितलं होतं, त्यातलीही काही असतील. तिनं कुणाकडं बघितलं नाही. शेवटी म्हणाली, "आक्का म्हनती त्या खुर्चीत बसव त्येला. त्येच्या अंगावर पडू नगंस, माझे बाय."

आणि फोन गेला.

पुन्हा लावला, लागला नाही. पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. आई रिसिव्हर खाली ठेवू देईना. "ऐकलं का गं तिनं? शेवटचं ऐकलं का?" मी काय सांगू? मी म्हणाले, ऐकलं. मला माहीत नाही, वृषे. तू "हूं"सुद्धा म्हणाली नाहीस.

घरी येऊन तिनं फरशी स्वतः पुसली. मला हात लावू दिला नाही. आता ओट्यावर बसलीय आणि ज्याच्या त्याच्या पोराकडं बघतेय. मी हिच्याकडून हे काढून घेतलं, तेही पपईनं. तू बांधूनच आलीस तर हे सगळं वाया गेलं. आणि तुला काही झालं, त्याला काही झालं, तर ही बाई दुसऱ्यांदा लुगड्याच्याच गाठीनं मरेल.

ऐकलं असशील तर कसंही कळव. नाही कळवलंस तरी चालेल. फक्त ऐकलेलं असू दे.

आक्का

*

तिसगाव
११ एप्रिल १९९७, दुपार

वृषे,

तू आतल्या खोलीत आहेस आणि मी ओट्यावर बसून तुला पत्र लिहितेय. कुणी बघितलं तर दोघींना येड्यात काढतील. पण तोंडानं बोलायची सवय गेलीय आपली. सकाळी तू जीपमधून उतरलीस, "कशी आहेस" म्हणालीस, मी "बरी" म्हणाले. तीन वर्षांनंतर एवढंच जमलं. चिठ्ठी भागूबाईच्या हाती आत पाठवते.

जीपचं दार उघडलं तेव्हा मी आधी तुझ्या पोटाकडं बघितलं. मग तुझ्या हातातल्या त्या निळ्या सीटकडं, आणि तिच्यात पट्ट्यांत जखडलेल्या, घामेजलेल्या, रागानं लाल झालेल्या त्या पोराकडं. मी भिंतीला टेकून खाली बसले. तुला वाटलं, पाठ दुखली.

आईचं हिरवं लुगडं तू घडी करून त्याच्याखाली सीटमध्ये घातलंयस. खरं तर खाली असं काही घालायचं नसतं, पट्टे ढिले पडतात. पण राहू दे.

फोन तुटला नव्हता, तूच ठेवलास, ऐकवेना म्हणून. हे तू भागूबाईला सांगितलंस, तिनं मला. चार दिवस आम्ही इथं कसे काढले ते मी तुला कधीतरी शिव्या देऊन सांगीन. आज नको.

आज दुसरंच काम आहे. जेवताना आईनं तुला विचारलं, ईमान लई हाललं का? तू म्हणालीस, "न्हाई आई, कपातला चहासुद्धा सांडला न्हाई." तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "मंग म्या उगंच सांगितलं व्हय?" तू ताट घेऊन मोरीकडं गेलीस. मी तिच्या ताटात भाजी वाढली. आपण दोघी कामाच्या वेळी गप्प बसणाऱ्याच.

त्यानंतर आई इथं ओट्यावर आलीय. तिच्याजवळ ती सीट आहे, सीटमध्ये सम्राट. ती त्याला पदरानं वारा घालतेय. मधूनच पट्ट्याखाली बोट घालून बघते, ढिला तर नाही ना. तो तिच्याकडं दोन्ही हात पसरतोय, अंगात येऊन ओरडतोय, घे म्हणून. आणि ती हात मागे घेतेय. "न्हाई रं राजा, तितंच बस, तितंच बरं." अंगावर पपईचे डाग असलेलं तेच लुगडं आज धुऊन नेसलीय. आल्यापासून तिनं त्याला एकदाही घेतलं नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल. माझ्या आलं.

मी घेऊन दिलं असतं, पण मला वाकता येत नाही, आणि त्या पट्ट्याचं बटण दाबायला माझे हात अजून धजत नाहीत. तू ये. बाहेर ये, सीट सोड, आणि पोरगं तिच्या मांडीवर दे. नको म्हणेल. तरी दे.

हा ओटा कुठं जात नाही, वृषे. त्याला ब्रेक नाही.

आक्का